खनिजांचे वर्गीकरण आणि 'गौण' हे विशेषण : नवी मुंबईच्या काळ्या पाषाणाच्या निमित्ताने एक चिकित्सा

सारांश

'खनिज' ही संज्ञा शास्त्र, पाठ्यपुस्तक आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांत वापरली जाते. मात्र तिचा अर्थ आणि वर्गीकरणाचा पाया प्रत्येक ठिकाणी निराळा आहे. शास्त्र रासायनिक घटना व स्फटिकरचना पाहते, पाठ्यपुस्तक उपयोग पाहते आणि कायदा मालकी, महसूल व अंतिम वापर पाहतो. हे भेद स्वाभाविक आहेत. परंतु एका क्षेत्रातील वर्ग दुसऱ्या क्षेत्रात नकळत शिरला की वस्तूचे मूल्यमापन चुकते. प्रस्तुत लेखात नवी मुंबई परिसरातील बेसाल्ट खडकाच्या उदाहरणाच्या आधारे या तिन्ही वर्गीकरणांची चिकित्सा केली असून 'गौण खनिज' या संज्ञेमुळे काय नोंदविले जाते आणि काय नोंदीबाहेर राहते याचा विचार केला आहे.

प्रस्तावना

कोणतेही वर्गीकरण वस्तूविषयी जेवढे सांगते तेवढेच ते करणाऱ्याच्या प्रयोजनाविषयीही सांगते. ग्रंथपाल पुस्तके विषयवार लावतो, विक्रेता खपानुसार लावतो आणि रद्दीवाला वजनावर मोजतो. पुस्तक तेच असते, प्रश्न बदलतो. खनिजांच्या बाबतीतही असेच घडले आहे. फरक एवढाच की पुस्तक रद्दीत गेले तरी त्याची दुसरी प्रत मिळू शकते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याच्या पोकळीत तयार झालेला स्फटिक खडीयंत्रात गेला की त्याची दुसरी प्रत नसते.

नवी मुंबई हे या विचारासाठी योग्य स्थळ आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील ९५ गावांच्या परिसरात सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नव्या शहराची आखणी झाली. हे शहर ज्या खडकावर उभे राहिले त्याच खडकाच्या खडीने ते बांधले गेले. पारसिक डोंगररांगेच्या पायथ्याशी तुर्भे-पावणे परिसरात दगडखाणी चालल्या. पुढे विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी फोडून सपाट करण्यात आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या या विमानतळाच्या धावपट्टीखाली एक अख्खी टेकडी भराव होऊन पडली आहे. शासकीय दप्तरात हा सर्व दगड 'गौण खनिज' म्हणून ओळखला जातो. या दोन शब्दांपैकी 'खनिज' हा शब्द शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही आणि 'गौण' हे विशेषण दगडाच्या स्वरूपाविषयी काहीच सांगत नाही. असे का होते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

खनिज म्हणजे काय?

'खनि' म्हणजे खाण. खाणीत जन्मलेले ते खनिज. लॅटिनमधून युरोपीय भाषांत आलेला शब्दही मूळचा खाणीशीच जोडलेला आहे. म्हणजे या संज्ञेच्या मुळाशीच वस्तूचे स्वरूप नसून ती मिळविण्याची मानवी कृती आहे. व्यवहारात म्हणूनच जे जे खणून काढले जाते ते ते खनिज, असा अर्थ रूढ झाला.

खनिजविज्ञानाने ही व्याख्या मागे टाकली. शास्त्राच्या दृष्टीने खनिज म्हणजे नैसर्गिकरीत्या, भूवैज्ञानिक प्रक्रियेतून तयार झालेला, सामान्यतः घन व अकार्बनी, ठरावीक मर्यादेतच बदलणारी रासायनिक घटना असलेला आणि अणूंची सुव्यवस्थित अंतर्गत मांडणी असलेला पदार्थ होय. या व्याख्येतील प्रत्येक शब्द काही पदार्थांना आत घेतो आणि काहींना बाहेर ठेवतो. हिमनदीतील बर्फ खनिज ठरतो, पाणी ठरत नाही. ओपलमध्ये स्फटिकरचना नसल्याने तो काटेकोर अर्थाने खनिज न राहता खनिजसदृश पदार्थ होतो. दगडी कोळशाला निश्चित घटना नाही आणि तो वनस्पतींच्या अवशेषांपासून बनतो. खनिज तेल तर द्रवच आहे. 'खनिज' हा शब्द नावातच बाळगणारे खनिज तेल शास्त्राच्या व्याख्येत बसत नाही, ही भाषेची गंमत नोंदविण्याजोगी आहे. उरण-पनवेल पट्ट्यातील मिठागरांचे उदाहरण आणखी सूक्ष्म आहे. भूस्तरात आपोआप साचलेले सैंधव हे हॅलाइट नावाचे खनिज आहे. त्याच घटनेचे, त्याच घनाकार स्फटिकांचे मीठ माणसाने वाफे घालून, भरतीचे पाणी अडवून तयार केले, तर 'नैसर्गिक' या शब्दापाशी व्याख्या अडखळते.

बेसाल्ट अर्थात काळा पाषाण हा या व्याख्येनुसार खनिज नाही. तो खडक आहे. खडक म्हणजे एक वा अनेक खनिजांचा समुच्चय. बेसाल्टमध्ये मुख्यत्वे प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार व ऑगाइट ही खनिजे असतात. त्यांच्या जोडीला मॅग्नेटाइटसारखी लोहयुक्त ऑक्साइडे आणि कधी ऑलिव्हीन आढळते. खडक आणि खनिज यांचे नाते वाक्य आणि शब्द यांच्या नात्यासारखे आहे. ते विसरले की पुढचे सगळे वर्गीकरण ढासळते.

शास्त्रीय वर्गीकरण : पाया आणि त्याची अस्थिरता

अठराव्या शतकात लिनियसने प्राणी व वनस्पती यांच्या पंक्तीत खनिजांचे तिसरे राज्य कल्पिले. याच धाटणीवर अमेरिकेचे जेम्स ड्वाइट डेना यांनी १८३७ मधील आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत खनिजांना वनस्पतींप्रमाणे लॅटिन द्विपद नावे दिली होती. १८५० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी ही पद्धत सोडून दिली आणि रासायनिक घटनेचा आधार स्वीकारला. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी त्याआधीच, १८२४ मध्ये, ऋणायनाच्या आधारे वर्ग पाडण्याची दिशा दाखविली होती. एकाच धातूची निरनिराळी खनिजे परस्परांशी फारशी जुळत नाहीत. एकाच ऋणायनाची मात्र जुळतात, हे त्यामागील निरीक्षण होते. तांब्याचे कार्बोनेट हे तांब्याच्या सल्फाइडापेक्षा चुन्याच्या कार्बोनेटाला अधिक जवळचे आहे.

१९४१ मध्ये जर्मनीचे ह्यूगो स्ट्रुन्त्स यांनी रासायनिक घटनेला स्फटिकरचनेची जोड दिली. आज प्रचलित असलेल्या या पद्धतीत दहा वर्ग आहेत : मूलद्रव्ये, सल्फाइडे, हॅलाइडे, ऑक्साइडे, कार्बोनेटे, बोरेटे, सल्फेटे, फॉस्फेटे, सिलिकेटे आणि कार्बनी संयुगे. भूकवचात सर्वाधिक प्रमाण असलेल्या सिलिकेटांचे उपवर्ग सिलिकॉन-ऑक्सिजनचे चतुष्फलक एकमेकांना कसे जोडले गेले आहेत यावरून पडतात. ते सुटे, जोडीने, कड्यांत, साखळ्यांत, पापुद्र्यांत किंवा त्रिमितीय चौकटीत असू शकतात. ऑलिव्हीन सुट्या चतुष्फलकांचे, ऑगाइट साखळीचे, अभ्रक पापुद्र्यांचे आणि फेल्डस्पार चौकटीचे खनिज आहे.

केवळ रासायनिक घटना पुरेशी का नाही, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतून १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गडद निळ्या रंगाचे कॅव्हन्साइट मोठ्या प्रमाणावर मिळू लागले आणि जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. १९७३ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन झाले, तेव्हाच पेंटॅगोनाइट या दुसऱ्या खनिजाचेही झाले. दोहोंचे रासायनिक सूत्र एकच आहे; अणूंची मांडणी भिन्न आहे. म्हणून ती दोन स्वतंत्र खनिजे आहेत. वाघोलीत दोन्ही सापडतात. निळ्या स्फटिकांच्या दोन झुबक्यांत प्रयोगशाळेला भेद दिसतो. त्याच खाणीच्या पावतीवर दोन्ही 'दगड' असतात.

तथापि शास्त्रीय वर्गीकरणही अचल नाही. मराठी मुलखाच्या नावांचा इतिहास याची साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकात पुण्यावरून 'पूनालाइट', सह्याद्रीवरून 'सायहेड्राइट' आणि नागपूरचे मिशनरी व भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून 'हिस्लोपाइट' अशी नावे नव्या खनिजांना देण्यात आली. पुढील तपासणीत पूनालाइट हे मेसोलाइट निघाले, सायहेड्राइट हे अशुद्ध स्टिल्बाइट आणि हिस्लोपाइट हे हिरव्या मृद्खनिजाने रंगलेले कॅल्साइट ठरले. तिन्ही नावे स्वतंत्र खनिजांच्या यादीतून गेली. दगड होते तिथेच राहिले. त्यांचा हुद्दा बदलला. अलीकडचे उदाहरण अपोफिलाइटचे आहे. दख्खनच्या बेसाल्टमधील या देखण्या खनिजाच्या फ्लोरिनयुक्त जातीचे नाव आंतरराष्ट्रीय खनिजवैज्ञानिक संघटनेच्या निर्णयाने २००८ मध्ये बदलण्यात आले आणि २०१३ मध्ये ते पुन्हा जुन्या धाटणीवर आणण्यात आले.

यावरून शास्त्रीय वर्गीकरण मनमानी आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. शास्त्रातील बदल कारणासह होतो, पुराव्यावर होतो आणि जुने नाव का गेले याची नोंद राहते. हाच त्याचा खरा गुण आहे. त्याची मर्यादा निराळी आहे. घटना आणि रचना यांवर आधारलेली जात स्थळ आणि उत्पत्ती विचारात घेत नाही. ज्वालामुखीच्या वायूतून बनलेले आणि समुद्रतळाच्या गाळात बनलेले पायराइट तिच्या लेखी एकच. रॉबर्ट हेझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये याच मर्यादेवर बोट ठेवले. उत्पत्तीच्या ५७ प्रकारांचा विचार केल्यास साडेपाच हजारांहून अधिक मान्य जातींचे सुमारे साडेदहा हजार 'प्रकार' होतात, असे त्यांनी दाखविले. म्हणजे खनिज कोठे, कशाच्या सहवासात व कसे बनले, हा प्रश्न आता शास्त्राच्या आतूनच विचारला जात आहे.

उपयोगाधारित वर्गीकरणाची परंपरा

उपयोगावरून खनिजांचे वर्ग पाडणे हे आधुनिक राज्यसंस्थेचे वैशिष्ट्य नव्हे. आपल्याकडील रसशास्त्रात पारद, म्हणजे पारा, केंद्रस्थानी ठेवून महारस, उपरस, साधारण रस असे वर्ग कल्पिलेले आहेत. रसरत्नसमुच्चयातील अष्ट महारसांत अभ्रक आणि शिलाजित शेजारी बसतात. एक पापुद्र्यांचे सिलिकेट, तर दुसरा खडकातून पाझरणारा सेंद्रिय द्रव्ययुक्त पदार्थ. स्ट्रुन्त्सच्या पद्धतीत ही शेजारपण अशक्य आहे. परंतु रसवैद्याचा प्रश्न 'हे काय आहे' असा नसून 'पाऱ्यावरील संस्कारांत आणि औषधात हे कशासाठी' असा होता. त्या प्रश्नापुरते ते वर्गीकरण सुसंगत आहे आणि मुख्य म्हणजे ते आपला प्रश्न लपवीत नाही.

शालेय भूगोलातील वर्गीकरण मात्र तो लपविते. धातू खनिजे, अधातू खनिजे आणि ऊर्जा खनिजे अशी त्रिविध विभागणी विद्यार्थी पाठ करतात. ही विभागणी उद्योगाच्या गरजेतून आली आहे. लोखंड कशातून मिळेल, सिमेंट कशातून, इंधन कशातून, या प्रश्नांची ती उत्तरे आहेत. ती उपयुक्त आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. दोष असा की ती खनिजांचे वर्गीकरण म्हणून शिकविली जाते, खनिजसंपत्तीच्या उपयोगाचे वर्गीकरण म्हणून नव्हे. विज्ञानाच्या तासाला खनिज घन व निश्चित घटनेचे असते असे शिकलेला विद्यार्थी भूगोलाच्या तासाला खनिज तेल हे ऊर्जा खनिज म्हणून लिहितो आणि दोन्हीकडे गुण मिळवितो. विसंगती त्याला जाणवत नाही, कारण ती कोणी दाखविलेली नसते. आणखी एक परिणाम असा की या तिन्ही कप्प्यांत न बसणारे खनिज विद्यार्थ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. महाराष्ट्राच्या मोठ्या भूभागाला व्यापणाऱ्या दख्खनच्या बेसाल्टमधील झिओलाइटे ही त्यांपैकीच होत.

कायद्यातील 'गौण'

खाणी आणि खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ नुसार इमारतीचा दगड, खडी-गोटे, साधारण माती, विहित कारणांखेरीज वापरली जाणारी साधारण वाळू आणि केंद्र शासन अधिसूचित करील ती अन्य खनिजे ही गौण खनिजे होत. त्यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. त्यानुसार महाराष्ट्रात २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम अमलात आले. 'गौण' या विशेषणाचा उगम असा प्रशासकीय आहे. कोणाचे नियम लागू व्हावेत, या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

या वर्गीकरणाचा आधार वस्तूचे स्वरूप नसून तिचा वापर आहे, हे न्यायालयांनीही वेळोवेळी स्पष्ट केले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विटांची माती ही कायद्याच्या दृष्टीने खनिजच आहे असे ठरविले. शास्त्रीय व्याख्या तेथे निर्णायक मानली गेली नाही. याहून बोलके प्रकरण पुण्याचे आहे. ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने बंधारे, रस्ते, लोहमार्ग व इमारती यांच्या बांधकामात भराव वा सपाटीकरणासाठी वापरली जाणारी साधारण माती गौण खनिज ठरली. इमारतीच्या पायासाठी खोदलेली माती या व्याख्येत येते का, असा वाद पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात नेला. डिसेंबर २०१४ मधील निर्णयात न्यायालयाने मातीच्या अंतिम वापरावर भर दिला : केवळ खोदकाम झाले म्हणून माती गौण खनिज होत नाही, तिचे पुढे काय केले हे पाहावे लागते. म्हणजे एकाच खड्ड्यातील एकच मुरूम एका ट्रकमध्ये खनिज असू शकतो आणि दुसऱ्यात नसू शकतो.

कायद्याच्या वर्गीकरणाची अस्थिरता क्वार्ट्झच्या, आपल्या गारेच्या, उदाहरणावरून दिसते. १० फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने ३१ खनिजे गौण ठरविण्यात आली. त्यांत क्वार्ट्झ होते. २० फेब्रुवारी २०२५ च्या अधिसूचनेने क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक आणि बराइट ही चार खनिजे पुन्हा प्रमुख गटात नेण्यात आली. दहा वर्षांत सिलिकॉन डायऑक्साइडच्या अणूंत काही बदल झाला नाही. त्याच ३१ खनिजांच्या यादीत कॅल्साइट, जिप्सम यांसारख्या खऱ्या खनिजजाती आणि शेल, स्लेट, जांभा यांसारखे खडक एकाच ओळीत उभे आहेत. शब्द आणि वाक्य यांची एकच वर्णानुक्रमणी करावी, असा हा प्रकार आहे.

यातील २०२५ चा निर्णय मात्र अधिक लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. क्वार्ट्झ, फेल्डस्पार व अभ्रक ही पेग्मॅटाइट नावाच्या खडकात एकत्र आढळतात आणि त्याच खडकात लिथियम, बेरिल, नायोबियम, टँटलम यांसारखी आज महत्त्वाची मानली जाणारी द्रव्ये असू शकतात. गौण खनिजाच्या पट्ट्यावर खोदकाम चालले की पट्टेदार या सहवासी खनिजांची नोंदच करीत नाही, असे केंद्रीय खाण मंत्रालयाने या बदलाचे कारण देताना म्हटले. 'गौण' या वर्गामुळे खडकातील इतर खनिजे अदृश्य होतात, याची ही शासकीय कबुलीच आहे.

नवी मुंबईचा दगड : मोजले काय, सुटले काय

आता पारसिकच्या दगडाकडे वळू. खाणीतून निघणारा दगड ब्रासमध्ये मोजला जातो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. स्वामित्वधन ब्रासवर आकारले जाते. डबर, खडी, ग्रिट, क्रश सँड ही त्याची पुढील रूपे. या सर्व साखळीत विचारला जाणारा प्रश्न एकच : किती?

भूशास्त्राचा प्रश्न निराळा आहे. दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यातील वायू निसटून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकांतून फिरणाऱ्या उष्ण पाण्याने आजूबाजूच्या खनिजांतील द्रव्ये विरघळवून या पोकळ्यांत आणून सोडली आणि तेथे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइटे तसेच अपोफिलाइट, कॅल्साइट व क्वार्ट्झ यांचे स्फटिक वाढले. झिओलाइट हे नाव स्वीडनचे क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिले. तापविताच खनिजातून वाफ उसळते म्हणून 'उकळणारा दगड'. त्याच्या त्रिमितीय चौकटीत रेणूच्या मापाची दालने असतात आणि त्यांत पाणी व सहज बदलता येणारे धनायन राहतात. या गुणामुळेच पाणी मृदू करण्यापासून तेलशुद्धीकरणापर्यंत झिओलाइटवर्गीय पदार्थ वापरले जातात, जरी उद्योगात बहुतांश कृत्रिम झिओलाइट असते. अपोफिलाइट त्यांच्या सोबत वाढते, पण ते पापुद्र्यांचे सिलिकेट असल्याने झिओलाइट नव्हे.

१८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातील लोहमार्गाचे काम झाले तेव्हा फोडलेल्या खडकांतून असे स्फटिक विपुल मिळाले आणि परदेशी संग्रहालयांत गेले. कांदिवली व जोगेश्वरी येथील खाणींची नावे विसाव्या शतकात खनिजसंग्राहकांच्या परिचयाची झाली. या खाणी आज शहराच्या पोटात गेल्या आहेत. तेथील नमुने काही संग्रहांत उरले. पण कोणता स्फटिक कोणत्या लाव्हाप्रवाहात, किती खोलीवर, कोणत्या खनिजावर वाढलेला होता, ही माहिती बहुधा उरली नाही. जुन्या चिठ्ठ्यांवर 'पूना' किंवा 'बॉम्बे' एवढेच लिहिलेले आढळते. पोकळीतील खनिजांच्या वाढीचा क्रम हा त्या खडकातून फिरलेल्या पाण्याच्या तापमानाचा व रसायनाचा इतिहास असतो. नमुना वाचला तरी नोंद नसल्यास तो इतिहास वाचता येत नाही.

नवी मुंबईच्या बाबतीत हेच पुन्हा घडले आहे आणि ते अधिक मोठ्या प्रमाणावर घडले आहे. ज्या बांधकामाने एवढा खडक उघडा केला त्याने अभ्यासाची दुर्मीळ संधीही दिली होती. टेकडीचा उभा छेद हा भूशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी उघडलेला ग्रंथ असतो. परंतु 'इमारतीचा दगड' या संज्ञेच्या पोटात स्फटिक येत नाही आणि वेगळा नोंदविण्याची वेळ कोणावर येत नाही. सुरुंग लावणाऱ्या कामगाराला चकाकणारी पोकळी दिसते. ती कोणत्याही रकान्यात बसत नसल्याने एक तर ती फुटते किंवा खाणीच्या दारातून गुपचूप बाजारात जाते. दोन्ही मार्गांत तिचे स्थळ हरवते.

चिकित्सा

येथवरच्या विवेचनातून एक आक्षेप संभवतो. कायद्याने खनिजविज्ञान शिकवावे अशी अपेक्षा का करावी? महसूल गोळा करणे, चोरटे उत्खनन रोखणे यासाठी ब्रास आणि 'गौण' या संज्ञा पुरेशा आहेत. हा आक्षेप निम्मा खरा आहे. कायद्याचा प्रश्न शास्त्राहून वेगळा असणारच आणि वापर हा वर्गीकरणाचा आधार म्हणून अग्राह्य नाही. रसशास्त्राचे उदाहरण त्यासाठीच दिले आहे.

परंतु वर्गाचे नाव केवळ कप्प्याचे लेबल राहत नाही; ते पाहण्याची सवय बनते. 'गौण' म्हटलेल्या गोष्टीकडे अधिकारी, पट्टेदार, नागरिक आणि शिक्षकही गौण म्हणूनच पाहू लागतात. २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणीय अनुमती आवश्यक ठरविली, ती याच दृष्टीला छेद देण्यासाठी. महसुलाच्या दृष्टीने गौण असलेले उत्खनन नदीच्या, डोंगराच्या दृष्टीने गौण नसते, हे तेथे मान्य झाले. पर्यावरणापुरती झालेली ही दुरुस्ती ज्ञानाच्या बाबतीत मात्र व्हायची राहिली आहे.

दुसरा मुद्दा सुसंगतीचा आहे. पेग्मॅटाइटमधील लिथियम नोंदीबाहेर राहू नये म्हणून शासनाने चार खनिजांचा वर्ग बदलला. सहवासी खनिजांची नोंद व्हावी, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. मग ते तत्त्व बाजारभाव असलेल्या द्रव्यापुरतेच मर्यादित का असावे? बेसाल्टमधील झिओलाइटासाठी वर्ग बदलण्याची गरज नाही, नोंदीची आहे. त्याची यंत्रणाही उपलब्ध आहे. १५ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने गौण खनिजांसाठी जिल्हा सर्वेक्षण अहवाल आवश्यक केला. ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांच्या अहवालांत खडकाचा प्रकार, लाव्हाप्रवाह आणि आढळणारी सहवासी खनिजे असे तीन रकाने जोडणे हे खर्चाचे काम नाही. परिसरातील महाविद्यालयांच्या भूशास्त्र व भूगोल विभागांना खाणीची ठरावीक काळाने पाहणी करू दिली, तर ते रकाने भरलेही जातील. भू-वारसा स्थळांच्या जतनाविषयीचा विधेयकाचा मसुदा केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात खनिजांचा उल्लेख आहे. परंतु वारसा म्हणून घोषित होणारी स्थळे थोडीच असणार; फुटणाऱ्या टेकड्या पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी जतन नव्हे, निदान नोंद तरी हवी.

तिसरा मुद्दा मराठी अध्यापनाचा आहे. गार, गारगोटी, अभ्रक, शंखजिरे, कुरुंद, काव, हरताळ, मनशीळ, हिंगूळ अशी खनिजांची समृद्ध शब्दसंपत्ती मराठीत आहे. वैद्य, सोनार, गवंडी आणि चित्रकार यांनी ती जपली. झिओलाइटांसाठी मात्र असा रूढ शब्द नाही, कारण कोणत्याच व्यवसायाला ती लागली नाहीत. भाषेचे हे मौन आणि कायद्याचे मौन यांचे कारण एकच आहे. जे वापरले गेले नाही त्याला नाव मिळाले नाही आणि ज्याला नाव नाही ते मोजले गेले नाही. पाठ्यपुस्तकाने हे मौन मोडले पाहिजे. 'धातू, अधातू, ऊर्जा' या विभागणीखाली 'हे उपयोगानुसार केलेले वर्गीकरण आहे' असे एक वाक्य आणि आपल्या गावच्या खडकात कोणती खनिजे आहेत असा एक प्रश्न, एवढ्यानेही पुष्कळ साधेल.

निष्कर्ष

१. शास्त्र, शिक्षण आणि कायदा यांतील खनिजांची वर्गीकरणे भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत. त्यांपैकी एकच खरे आणि इतर खोटी असे म्हणता येत नाही; मात्र प्रत्येकाने आपला प्रश्न उघड सांगितला पाहिजे.

२. 'गौण खनिज' ही संज्ञा अधिकारक्षेत्र व अंतिम वापर दर्शविते. बेसाल्टच्या बाबतीत तिच्यातील 'खनिज' हा शब्द शास्त्रीय नाही आणि 'गौण' हा शब्द मूल्यवाचक नाही. तो मूल्यवाचक समजला जातो, यातच हानी आहे.

३. शास्त्रीय वर्गीकरण बदलते तेव्हा बदलाचे कारण नोंदले जाते. पूनालाइट हे नाव गेले, पण का गेले हे आज सांगता येते. उलवे टेकडीच्या पोकळ्यांत काय होते हे सांगणारी नोंद विमानतळाच्या हिशेबात नाही.

४. सहवासी खनिजांची नोंद व्हावी हे तत्त्व २०२५ च्या अधिसूचनेमागे आहे. ते जिल्हा सर्वेक्षण अहवालांतून सर्व दगडखाणींना लागू करावे.

नवी मुंबईचे बांधकाम अद्याप संपलेले नाही आणि पारसिकची रांगही अद्याप संपलेली नाही. जो दगड फुटला त्याविषयी आता काही करता येणार नाही. जो फुटायचा आहे त्याच्या पावतीवर ब्रासच्या आकड्याशेजारी त्याच्या पोटातील खनिजांची नावे लिहिणे मात्र अजून शक्य आहे.